बालधर्मशिक्षण, ख्रिस्ती

ख्रिस्ती मंडळीत जन्मलेल्या किंवा वाढणाऱ्या मुलांच्या श्रद्धेचे संगोपन करणे आणि मंडळीच्या उपासनेत व सामुदायिक जीवनात त्यांना वयानुरूप वाटा देणे, या दोन कार्यांना मिळून ख्रिस्ती बालधर्मशिक्षण असे म्हणता येईल. पहिल्या कार्यात बायबलमधील कथा, प्रार्थना, श्रद्धेची मूलतत्त्वे व नीतिनियम यांची ओळख येते. दुसऱ्यात गायन, वाचन, सणांतील सहभाग, अर्पण व सेवा यांचा समावेश होतो. व्यवहारात ही दोन्ही कार्ये एकमेकांपासून वेगळी काढता येत नाहीत. केवळ पाठांतराने शिकविलेले मूल पाठ संपताच मंडळीपासून दूर जाते आणि काहीही न शिकता सणांपुरते येणारे मूल मंडळीत पाहुण्यासारखे राहते, असा सर्व पंथांचा अनुभव आहे. मराठी भाषिक प्रदेशात, विशेषतः बीड जिल्ह्यासारख्या अत्यल्प व विखुरलेल्या ख्रिस्ती लोकवस्तीच्या भागात, या विषयास वेगळे महत्त्व येते. कारण तेथे मुलाच्या सभोवतालचा समाज, शाळा व बाजार यांपैकी कोणीही त्याला ही श्रद्धा आपोआप शिकवीत नाही.

या शिक्षणाचे मूळ यहुदी परंपरेत आहे. देवाच्या आज्ञा घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांना सांगाव्यात, असे अनुवादाच्या पुस्तकात म्हटले आहे. वल्हांडण सणाच्या विधीत मुलांनी ‘याचा अर्थ काय?’ असे विचारावे आणि वडीलधाऱ्यांनी मिसरातून झालेल्या सुटकेची कथा सांगावी, अशी योजना निर्गमाच्या पुस्तकात आढळते. विधी प्रथम घडतो, त्यातून प्रश्न निघतो आणि मग शिकवण येते, हा क्रम पुढील काळात अनेकदा विसरला गेला. शुभवर्तमानांत बालकांना आपल्याजवळ येण्यास मज्जाव करणाऱ्या शिष्यांवर येशू रागावल्याचा प्रसंग आहे. तसेच बाराव्या वर्षी यरुशलेमच्या मंदिरात तो गुरुजनांमध्ये बसून ऐकत व प्रश्न विचारीत होता, असा उल्लेख लूककृत शुभवर्तमानात येतो.

मुलाचे मंडळीतील स्थान नेमके कोणते, याविषयी मात्र ख्रिस्ती पंथांत एकमत नाही. रोमन कॅथलिक, अँग्लिकन, प्रेसबिटेरियन, काँग्रिगेशनल व मेथडिस्ट परंपरांत अर्भकास बाप्तिस्मा देतात. आईबाप व धर्मपालक त्याच्या वतीने वचन देतात आणि पुढे मूल जाणते झाल्यावर दृढीकरणाच्या विधीत ते वचन स्वतःचे म्हणून स्वीकारते. बॅप्टिस्ट, ब्रदरन व पेंटेकोस्टल मंडळ्या बालबाप्तिस्मा मानीत नाहीत. तेथे अर्भकाचे समर्पण होते व बाप्तिस्मा व्यक्तीने स्वतः मागितल्यावर दिला जातो. पहिल्या परंपरेत मूल आरंभापासून सभासद असते, म्हणून शिक्षणाचे काम त्याला ‘जे आहे ते समजावून देणे’ असे होते. दुसऱ्या परंपरेत त्याला निर्णयापर्यंत नेणे हे उद्दिष्ट राहते. खेड्यातील लहान मंडळीत हा भेद प्रत्यक्षात पुष्कळसा पुसट होतो. दोन्हीकडची मुले तीच गीते म्हणतात.

ऐतिहासिक आढावा : मराठी भाषेतील ख्रिस्ती वाङ्मयाचा आरंभच मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाशी जोडलेला आहे. जेझुइट धर्मोपदेशक फादर टॉमस स्टीफन्स (सु. १५४९–१६१९) यांच्या ख्रिस्तपुराण (१६१६) या ग्रंथाच्या प्रास्ताविक भागात असा प्रसंग येतो, की गोव्यातील साष्टी प्रांतात एका रविवारी चर्चमध्ये मुलांना धर्मतत्त्वांचे पाठ चालू असता एका नवख्रिस्ती गृहस्थाने पाद्रीगुरूंना विचारले : जुनी पुराणे तर सोडावयास लावली, त्यांच्या जागी वाचावयास काय देणार? या मागणीचे उत्तर म्हणून सुमारे अकरा हजार ओव्यांचे हे पुराण सिद्ध झाले. स्टीफन्स यांची कोकणी प्रश्नोत्तरावली त्यांच्या निधनानंतर १६२२ मध्ये रायतूर येथे छापली गेली. ती पाठ करावयाची होती. पुराण गावयाचे होते. याच दशकांत सध्याच्या बीड जिल्ह्यातील अंबेजोगाई येथे दासोपंत (१५५१–१६१५) यांची गीतेवरील ओवीबद्ध रचना चालली होती, हे लक्षात घेतले म्हणजे स्टीफन्स यांनी निवडलेले माध्यम श्रोत्यांच्या किती ओळखीचे होते, ते कळून येते.

आधुनिक काळातील रविवारच्या शाळेची (मराठी मंडळ्यांत रूढ शब्द ‘शब्बाथ शाळा’) चळवळ इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी १७८० च्या सुमारास सुरू केली. आठवडाभर कामावर जाणाऱ्या गरीब मुलांना सुटीच्या दिवशी अक्षरओळख व धर्मशिक्षण देणे, हा तिचा मूळ हेतू होता. भारतात या शाळांच्या समन्वयासाठी १८७६ मध्ये ‘इंडिया संडे स्कूल युनियन’ ही संस्था अलाहाबाद येथे स्थापन झाली. महाराष्ट्रात अमेरिकन मराठी मिशनचे कार्य मुंबईत १८१३ मध्ये व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे १८३१ मध्ये सुरू झाले. सिंथिया फरार यांच्या अहमदनगरच्या मुलींच्या शाळेचा प्रभाव जोतीराव फुले यांच्या शिक्षणकार्यावरही पडला. गावोगावच्या मिशन शाळांतील शिक्षक हाच प्रचारक असे. तो सकाळी मुळाक्षरे शिकवी, संध्याकाळी त्याच जागेत प्रार्थना चालवी व रविवारी उपासना घेई. त्यामुळे शाळा कोठे संपते व मंडळी कोठे सुरू होते, हे मुलाला सांगता आले नसते. गावकुसाबाहेरच्या वस्त्यांतील मुलांना अक्षर आणि श्रद्धा एकाच हातून मिळाली, हे या पद्धतीचे बळ होते. तिचे वैगुण्यही त्यातच होते. शिक्षकाचा पगार थांबला म्हणजे दोन्ही थांबत.

मराठवाड्यात, म्हणजे तत्कालीन निजाम राज्यात, जालना येथे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडचे व औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे चर्च मिशनरी सोसायटीचे केंद्र होते. जालन्याचे कार्य रेव्ह. नारायण शेषाद्री यांनी उभे केले. निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही ख्रिस्ती वसाहत वसविली. नारायण शेषाद्री यांचे नाव बालकांच्या धर्मविषयक हक्काच्या इतिहासातही येते. १८४३ मध्ये मुंबईत त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांचा सुमारे बारा वर्षांचा धाकटा भाऊ श्रीपती मिशनऱ्यांकडे राहत होता. वडिलांनी न्यायालयात दाद मागितली व मुलगा अज्ञान असल्याने त्याचा ताबा वडिलांकडे देण्यात आला. पुढे त्याला जातीत परत घेण्यावरून मुंबईत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकर यांनी त्याच्या शुद्धीकरणाचा पुरस्कार केला आणि सनातनी पक्षाने त्यास विरोध केला. मिशनरी, पिता, न्यायालय, शास्त्री या सर्वांची मते या प्रकरणात नोंदली गेली. ज्याच्याविषयी हा वाद होता, त्या मुलाच्या मनाचा विचार मात्र सर्वांत कमी झाला. बालकाच्या श्रद्धेचा निर्णय कोणी करावयाचा, हा प्रश्न तेव्हापासून मराठी समाजात कधीच पूर्णपणे मिटलेला नाही.

गीत व कीर्तन : मिशन शाळांतील आरंभीची गीते बहुतांशी इंग्रजी चालींवर बेतलेली भाषांतरे होती. ती मुलांच्या तोंडी बसत नसत. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव रत्नाजी सांगळे यांनी अहमदनगर भागात देशी चालींची गीते व ख्रिस्ती कीर्तने रूढ केली. या परंपरेला रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी पूर्ण रूप दिले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर टिळकांनी अभंग, पदे व भजने विपुल रचली. उपासना संगीत या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात त्यांचा वाटा फार मोठा आहे. ‘फुलामुलांचे कवी’ हे त्यांचे बिरुद मराठी वाचकांस परिचित आहे. मुलांसाठी निघणाऱ्या बालबोधमेवा या मिशनच्या मासिकाशीही त्यांचा संबंध होता. टिळक व लक्ष्मीबाई (१८६८–१९३६) यांच्या अहमदनगरच्या घरात बालकवी ठोमरे तरुणपणी राहिले आणि मुलासारखे वागविले गेले. ते अखेरपर्यंत हिंदूच होते. ख्रिस्ती घराचे संस्कार आणि धर्मांतर या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात, याचे हे मराठी साहित्यातील बहुधा सर्वांत सुपरिचित उदाहरण होय.

भजनाचा लाभ असा, की त्यात मूल श्रोता राहत नाही. टाळ धरता आला की ते सहभागी होते. वाचता येणे आवश्यक नसते. ज्या मंडळीत वडीलधारी माणसे निरक्षर असत, तेथे शाळेत जाणारे मूल गीताची ओळ वाचून सांगे आणि सर्वजण ती उचलीत. अशा वेळी शिकविणारा कोण व शिकणारा कोण, हे ठरविणे अवघड होई.

बीड जिल्हा : बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस अहमदनगर आणि उत्तरेस औरंगाबाद व जालना हे जिल्हे येतात. त्यामुळे मिशन कार्याची ही तिन्ही जुनी केंद्रे जिल्ह्याच्या सीमांपलीकडे, पण जवळ होती. जिल्ह्यातील ख्रिस्ती लोकसंख्या आजही फार थोडी आहे. बीड, अंबेजोगाई यांसारख्या शहरांबाहेर एखाद्या गावी ख्रिस्ती घरे असली, तरी ती मोजकीच असतात आणि पाळकाला अनेक गावे सांभाळावी लागतात. १९७० मध्ये नागपूर येथे उत्तर भारतीय चर्चची (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापना होऊन अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन इ. परंपरांच्या मंडळ्या एकत्र आल्या. कॅथलिक व्यवस्थेत १९७७ मध्ये निर्माण झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांताकडे मराठवाड्याचा कारभार आहे.

स्वातंत्र्योत्तर काळात बालधर्मशिक्षणाची जुनी चौकट बदलली. संविधानाच्या अनुच्छेद २८ नुसार पूर्णतः शासकीय निधीतून चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येत नाही आणि मान्यताप्राप्त वा अनुदानित संस्थांत अज्ञान विद्यार्थ्यास ते पालकाच्या संमतीखेरीज सक्तीने देता येत नाही. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या व प्राथमिक शाळा त्यांच्याकडे गेल्या. मिशनच्या एकशिक्षकी शाळांची गरज व साधने दोन्ही संपली. अक्षर शाळेकडे गेले, श्रद्धा मंडळीकडे राहिली. ही विभागणी योग्यच होती. परंतु मास्तरांच्या जागी मंडळीने कोणाला उभे करावयाचे, याची तयारी बहुतेक ठिकाणी झाली नव्हती. आठवड्याचे सहा दिवस चालणारे काम रविवारच्या एका तासावर आले आणि तो तासही बहुधा एखाद्या तरुण मुलीच्या किंवा पाळकांच्या पत्नीच्या विनावेतन श्रमावर चालू राहिला.

दुसरी अडचण कायद्यातून आली. अनुसूचित जातींविषयीच्या १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार या जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या होत्या. १९५६ मध्ये शिखांना व १९९० मध्ये बौद्धांना त्या लागू झाल्या, ख्रिस्ती मात्र त्यांबाहेर राहिले. मराठवाड्यातील बहुसंख्य ख्रिस्ती कुटुंबे पूर्वाश्रमीच्या अस्पृश्य जातींतील असल्याने या तरतुदीचा परिणाम थेट मुलांवर होतो. शाळेच्या दाखल्यावर कोणता धर्म लिहावा, बाप्तिस्मा नोंदवावा की लांबवावा, हे प्रश्न आईबापांपुढे येतात; घरी एक ओळख व दाखल्यावर दुसरी, अशी स्थिती काही मुलांच्या वाट्याला येते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर एकाच भावकीत बौद्ध, हिंदू व ख्रिस्ती घरे असणेही विशेष राहिलेले नाही. अशा मुलाला आपली श्रद्धा इतरांची हेटाळणी न करता सांगता येणे, हा बालधर्मशिक्षणाचा भाग व्हावा लागतो. मिशनकालीन पाठ्यपुस्तकांतील खंडनमंडनाची भाषा येथे उपयोगी पडत नाही.

बीड जिल्ह्याचे तिसरे वैशिष्ट्य म्हणजे हंगामी स्थलांतर. बालाघाटाच्या अवर्षणग्रस्त पट्ट्यातून दरवर्षी लाखो ऊसतोड मजूर मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात. गळीत हंगाम साधारणतः ऑक्टोबर–नोव्हेंबर ते मार्च–एप्रिल असा असतो. ज्या ख्रिस्ती कुटुंबांतील माणसे कोयता घेऊन जातात, त्यांच्या लहान मुलांचा नाताळ कारखान्याच्या तळावरील कोपीत जातो; आणि मराठी मंडळीत मुलांना सर्वाधिक वाटा मिळतो तो नेमका नाताळात. रात्री घरोघर गाणी गात जाणे, गोठ्याचा देखावा मांडणे, मेंढपाळ व मागी लोकांची सोंगे घेऊन नाटिका करणे, पाठ केलेली वचने सर्वांसमोर म्हणणे हे सर्व या मुलांना चुकते. रविवारच्या शाळेचा वार्षिक पाठ्यक्रम जानेवारीपासून आखलेला असेल, तर तो त्यांच्या दृष्टीने प्रारंभीच तुटतो. साखरशाळा व गावातील हंगामी वसतिगृहे यांमुळे शालेय शिक्षणाची काही सोय झाली. धर्मशिक्षणाच्या बाबतीत आजीआजोबांजवळ मागे राहणाऱ्या मुलांपर्यंत मंडळी पोहोचू शकते, तळावर गेलेल्यांपर्यंत क्वचितच.

या दृष्टीने उन्हाळी सुटीतील बायबल शाळेला येथे वेगळेच महत्त्व आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत शहरी मुलांसाठी निघालेली ही कल्पना भारतात एप्रिल–मे महिन्यांत राबविली जाते. सकाळच्या प्रहरी आठ-दहा दिवस गाणी, कथा, हस्तकला, खेळ आणि शेवटच्या दिवशी आईबापांसमोर कार्यक्रम, असे तिचे रूप असते. मराठवाड्याच्या कडक उन्हात ती सोयीची नाही, पण कारखान्यांचे पट्टे पडून लोक गावी परतलेले असतात आणि पावसाळी कामांना अवकाश असतो. वर्षातून सर्व मुले एकत्र सापडण्याचा काळ बहुधा हाच. कालमानाचा असा विचार करणाऱ्या मंडळीने नाताळची नाटिका मे महिन्यात बसविली, तरी त्यात धर्मदृष्ट्या आक्षेपार्ह काही नाही.

सहभागाचे प्रकार : कॅथलिक परंपरेत मुलाच्या सहभागाचे टप्पे संस्कारांनी निश्चित झालेले आहेत. पोप दहावे पायस यांनी १९१० मध्ये प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सुमारे सात वर्षांपर्यंत खाली आणले. तत्पूर्वी मुलांना बरेच थांबावे लागे. त्यासाठी धर्मग्रामात काही महिने तयारीचे वर्ग चालतात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीत होऊ लागली, हा मुलांच्या दृष्टीने सर्वांत मोठा बदल ठरला. बालकांसाठीच्या मिस्साविधीविषयी १९७३ मध्ये स्वतंत्र मार्गदर्शिका निघाली. वेदीसेवेचे काम पूर्वी केवळ मुलांकडे असे. १९९४ पासून मुलींनाही ते देण्याची मुभा आहे. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेस मराठवाड्यातूनही भाविक सहकुटुंब जातात. आपल्या गावात दोन-चार घरांचा असलेला समाज तेथे हजारोंनी जमलेला पाहणे, हे मुलासाठी अनेक पाठांहून परिणामकारक असते.

प्रॉटेस्टंट मंडळ्यांत झावळ्यांच्या रविवारी मुले मिरवणुकीच्या अग्रभागी असतात आणि सुगीच्या उपकारस्तुतीच्या दिवशी ज्वारीची कणसे, भाज्या, अंडी असे घरचे अर्पण ती वेदीपुढे नेऊन ठेवतात. फ्रान्सिस क्लार्क यांनी १८८१ मध्ये अमेरिकेत स्थापिलेल्या ‘ख्रिश्चन एन्डेव्हर’ या तरुणांच्या संघटनेचा प्रसार अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांतही झाला. तीत मुलामुलींना सभा चालविणे, प्रार्थना करणे व हिशेब ठेवणे शिकविले जाई. पुढे मंडळीच्या पंचकमिटीत आलेल्या अनेकांची तयारी अशीच झाली.

प्रचलित पद्धतीचे दोष उघड आहेत. वचने पाठ करण्याच्या स्पर्धा व बक्षिसे यांवर अवास्तव भर दिला जातो. त्यामुळे शाळेत मागे पडणारे मूल येथेही मागे पडते. उपासनेच्या वेळी मुलांना बाहेर वर्गात पाठविल्याने शांतता राहते, परंतु अशी मुले दहा-बारा वर्षे मोठ्यांची उपासना न पाहताच वाढतात आणि वर्ग संपला की त्यांना बसावयास जागा उरत नाही. पाठ्यसाहित्य पुष्कळदा इंग्रजीवरून भाषांतरित असते. त्यातील बर्फ, सफरचंदाच्या बागा व घराची धुराडी ही चित्रे गेवराई किंवा आष्टीच्या मुलाला परकी वाटतात, तर पेरणारा, मेंढपाळ, विहीर, दुष्काळ ही बायबलमधील मूळ चित्रे त्याच्या अंगणातील असतात.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेवर भारताने १९९२ मध्ये संमतीची मोहोर उमटविली. तिच्या चौदाव्या अनुच्छेदात बालकाचे विचार, सदसद्विवेक व धर्म यांचे स्वातंत्र्य मान्य केले असून त्याच्या वाढत्या आकलनशक्तीस अनुसरून मार्गदर्शन करण्याचा आईबापांचा अधिकारही नमूद केला आहे. दृढीकरणाच्या वर्गात हे तत्त्व कसोटीला लागते : वर्गातील सर्वांचे दृढीकरण एकाच दिवशी व्हावे अशी घरच्यांची अपेक्षा असते आणि एखाद्या मुलाने ‘अजून नाही’ म्हटले तर ते कुटुंबाचे अपयश मानले जाते. अशा उत्तराला जागा ठेवणारे पाळक त्या मुलास गायनात, नाटिकेत व सेवेत पूर्ववत सामावून घेतात. अन्य धर्मीय घरांतील मुले रविवारच्या शाळेत खेळावयास व गाणी ऐकावयास येतात, तेव्हा त्यांच्या आईबापांची संमती आधी घेणे हेही याच तत्त्वातून येते. लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा अधिनियम (पॉक्सो, २०१२) धार्मिक संस्थांतील व्यक्तींनाही लागू आहे व अशा संस्थेतील पदाधिकाऱ्याने केलेला गुन्हा त्यात अधिक गंभीर मानला जातो. त्यामुळे एका शिक्षकाने एकट्याने बंद खोलीत वर्ग न घेणे, शिबिरात मुलामुलींसाठी स्वतंत्र व्यवस्था ठेवणे आणि तक्रार आल्यास ती मंडळीतल्या मंडळीत न मिटविता पोलिसांकडे नेणे, या गोष्टी आता रविवारच्या शाळेच्या व्यवस्थेत मोडतात.